मनकर्णाचा एक मार्क

पत्रूने खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडाशी धरला. मधे मधे बोलू नका म्हणून प्रश्न विचारणाऱ्या दिव्यानीने दोनदा बजावलं होतं. पुन्हा तोंड उघडलं असतं तर तिने त्याला व्हरांड्यात बसवलं असतं, आणि बायकोला, मनकर्णाला, एकटं सोडायला तो तयार नव्हता.

"आजी, हे काय आहे?" दिव्यानीने एक चित्र पुढे सरकवलं.

"सूप होय. हे बी काई विचाराची गोष्ट हाये?"

पत्रूचा जीव भांड्यात पडला.

निरनिराळ्या समाजांतल्या म्हाताऱ्यांचे मेंदू वयाबरोबर कसे बदलतात, हे पाहणारी मंडळी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात बसली होती. गोंड, कुणबी, बौद्ध, बंगाली, सगळ्यांनाच बोलावणं होतं. आधी प्रश्न. ज्याचे मार्क घसरतील त्याच्या डोक्याचा मशीनमध्ये फोटो, मग मोठ्या डॉक्टरांची औषधं. बाकीच्यांनी चहा पिऊन गावची एसटी धरायची. सिंदेवाहीहून निघतानाच पत्रूने ठरवून टाकलं होतं की आपण चहावाल्यांतले. धानाच्या कापणीत मनकर्णा स्वतःच्याच शेतातल्या बांधीतून घरची वाट चुकली होती, हे खरं. पण सत्तरी ओलांडल्यावर माणूस चुकणारच. मनाची अशी समजूत घालत त्याने अख्खा हिवाळा काढला होता.

महिना तिने बरोबर सांगितला. वार चुकला. सांगितलेल्या शब्दांतले निम्मे आठवले.

"आता सांगा, नवऱ्याचं नाव काय?"

मनकर्णाने पत्रूकडे पाहिलं. मग पदर पुढे ओढला आणि मान खाली घालून हसली.

"तुमी बी काई बी विचारता, बाई."

दिव्यानीही हसली. पोरगी ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढलेली, पण गावाकडच्या बायका तिला ठाऊक होत्या.

"राहू द्या, आजी. मले समजते." मग ती पत्रूकडे वळली. "आजोबा, हे प्रश्न बाहेरच्या लोकांनी काढले. आधी आम्ही या प्रश्नाले शून्य देत होतो. जिवतीकडच्या खेड्यांत गेलो तर एका बी बाईनं नवऱ्याचं नाव नाई घेतलं. चांगल्या शहाण्या बाया भुलक्कड ठरून राह्यल्या होत्या. मंग आम्हीच नियम बदलला. नाव नाई घेतलं तरी पूर्ण मार्क."

तिने बेरीज केली. "काठावर आहेत, पण पास. त्या एका मार्कानं वाचल्या. फोटो नाई काढा लागत. जा आता घरी."

पत्रू उठला. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. खरं तर त्याने आनंदाने दिव्यानीला हात जोडायला हवे होते.

पण मनकर्णाला लाजताना त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. छप्पन सालची दीक्षा घेतलेल्या त्याच्या बापाने नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नाव हाक मारायलाच ठेवलेलं असते, खुशाल मार. सुनेने ते असं मनावर घेतलं की बांधीच्या त्या टोकावरून "ए पत्रूऽ" अशी आरोळी यायची आणि सगळा मोहल्ला खो-खो हसायचा. दोस्त त्याला बायकोचा बैल म्हणायचे. चारचौघांत तरी नको म्हणून त्याने विनवलं, तर ती आणखी मोठ्याने हाक मारायची.

या हिवाळ्यात ती आरोळी आलीच नव्हती. "अवो", "आयकलं का जी" एवढंच. म्हातारपणी का होईना, बायको नवऱ्याचा मान राखायला शिकली, म्हणून तो मनातून सुखावला होता. एका सोयऱ्याला त्याने हे मिशीत हसत सांगितलंही होतं. आता त्या हसण्याची त्याला शरम वाटली.

मनकर्णा दारापर्यंत पोचली होती. "चाला ना जी, गाडी जाईन."

पत्रू जागचा हलला नाही.

"बाई, तो मार्क काढून टाका."

"काऊन, आजोबा?"

"ही नाव घेते माहं. पयल्या दिवसापासून घेते. आमच्या घरी लाजाची पद्धत नाई."

दिव्यानीने मनकर्णाकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो मार्क खोडला.

"अवो, गाडी," मनकर्णा पुन्हा म्हणाली.

"जाऊ दे तिले," पत्रू म्हणाला. त्याने मनकर्णाला हाताला धरून आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.