रुमालावर जे उमटत नाही

दुसरा रुमाल पांढराच्या पांढरा निघाला आणि मैदानावरच्या दीडशे माणसांनी एकदम रोखलेला श्वास सोडला.

पहिला रुमाल सगळ्यांनी पाहिला होता. धूरबुवांनी तो आमच्या भावजींच्या व्हॅनच्या मागच्या नळीला बांधला, त्यांच्या चेल्याने थंडगार इंजिन चालू करून दोनदा जोरात रेस दिली, आणि रुमाल सोडला तर मधोमध काजळीचा तळव्याएवढा डाग. बुवांनी तो रांगेरांगेतून फिरवला. म्हणाले, हा धूर गाडीचा नाही, गाडीत दडून बसलेल्याचा आहे. मग चेले गाडीखाली शिरले, कटरच्या ठिणग्या उडाल्या, आणि नळीच्या मध्ये असतो तो फुगीर लोखंडी डबा कापून बाहेर आला. त्यावर लगेच काळं कापड पडलं. कोणाची नजर जाता कामा नये, नाहीतर डब्यातलं ते नजरेमागून घरी येतं म्हणे. डब्याच्या जागी साधी नळी जोडली, गाडीने मैदानाला न थांबता सात फेऱ्या मारल्या, आणि मग हा दुसरा रुमाल.

माझी धाकटी जाऊ रडत होती. भावजी बुवांच्या पाया पडले. बुवांनी रुमालाची घडी करून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, हा गाडीच्या कप्प्यात ठेव, तपासणीचं यंत्र याच्यापुढे मान खाली घालेल.

एवढी माणसं का घाबरली होती, ते सांगते. पंधरा दिवसांपूर्वी तपासणी केंद्राच्या फाटकावर एक सूचना लागली होती. कोणीतरी तिचा फोटो काढला आणि तो घरोघरी फिरला: 'जुन्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक. महिनाअखेर तपासणी. नापास गाडी रस्त्यावर आणता येणार नाही.' फोटो तिथेच कापलेला होता. आमच्याकडे निम्म्या घरांची चूल जुन्या गाडीवर पेटते. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कन्व्हर्टर म्हणजे काय हे कोणाला धड माहीत नव्हतं, तो आपल्या गाडीखाली आधीपासून आहे हे तर नाहीच. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, गाड्यांतली बाधा काढतो म्हणत, धूरबुवा अवतरले.

मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण गाड्यांच्या कप्प्यांत सापडलेल्या माहितीपुस्तकांवर झालं. लोक गाडी टाकून जातात, मी दुपारी जेवता जेवता त्यांची पुस्तकं वाचते. तेव्हा तो डबा म्हणजेच कन्व्हर्टर आणि तो धुरातलं विष मारण्यासाठी असतो, एवढं मला ठाऊक होतं. मैदानावर आणखीही एक गोष्ट दिसली होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांची गाडी सगळ्यांत म्हातारी, माझ्याहूनही चार वर्षांनी मोठी. बुवांनी खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, हिला बाधा नाही, घेऊन जा. जी सगळ्यांत जास्त धूर ओकते, तिलाच बाधा नाही. मला हसू आलं, ते मी पदराआड दाबलं.

तिथे बोलायला हवं होतं. पण दीडशे जणांच्या डोळ्यांत पाणी असताना एकटीने तोंड उघडायचं धाडस माझ्यात नव्हतं. घरी येऊन भावजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही गादी शिवा, गाडी मी बघतो." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं काय झालं, ते आता ऐका.

भावजींच्या व्हॅनमधून चौदा मुलं शाळेत जातात. पंधरावी त्यांची स्वतःची लेक, चिमी. आठ वर्षांची, सगळ्यात मागच्या बाकावर बसणारी, कारण तिथून मागच्या गाडीवाल्यांना वेडावून दाखवता येतं.

तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची दोन मुलं डोकं दुखतंय म्हणून रडत उतरली. चौथ्या दिवशी एक मुलगी ओकली. पाचव्या दिवशी चिमी शाळेच्या फाटकाशी उठेनाच. हलवून हलवून उठवली तेव्हा डोळे उघडून म्हणाली, "माझ्या छातीवर कोण बसलं होतं?"

संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात एकच बोलणं: व्हॅनमधलं निघालेलं परत आलंय. घरच्यांनी मुलांना अंगारा लावावा तसे बुवांचे शब्द लावले. बुवा म्हणाले, बाहेर काढलेलं आपली जागा शोधतंय. आत यायला वाट देऊ नका. सात दिवस काचा बंद, फटी बंद. जावेने स्वतःच्या हाताने जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या आणि मागच्या काचांच्या फटींत एकेक करून कोंबल्या. मी शिवण्याची बाई, मला ते काम नीट झालेलं दिसत होतं. वारा जाईल एवढीही जागा तिने ठेवली नव्हती.

पोरं मागे बसायला तयार नव्हती. जाऊ मला म्हणाली, "ताई, उद्या तुम्ही त्यांच्यात बसा ना. तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही."

तिला काय माहीत. पण मी बसले.

सकाळची वेळ. भावजींच्या बाजूची काच तेवढी उघडी, हात बाहेर काढून इशारा करायला. मागे पट्ट्या. पहिला चौक गेला, मुलं गाणी म्हणत होती. दुसऱ्या चौकात गाणं बारीक झालं. सिग्नलला गाडी बराच वेळ उभी राहिली आणि माझ्या कपाळाभोवती कोणी ओढून नाडी बांधल्यासारखं झालं. वास कसलाच नव्हता. धूर नव्हता. मी स्वतःला समजावलं, रात्री झोप झाली नाही म्हणून.

चिमी माझ्या दंडाला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "काकू, ते फक्त मागच्यांनाच पकडतं. पुढच्यांना नाही. आणि दार उघडलं की सोडून देतं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला हवा आवडत नाही," ती म्हणाली, आणि तिची मान माझ्या मांडीवर पडली.

मी तिला हाक मारली. गालावर थापट्या मारल्या. चेहरा छान गुलाबी, एखाद्या गुटगुटीत बाळासारखा, आणि आत कोणी नाही. तिच्या हातातली पाण्याची बाटली घरंगळली, ती उचलायला मी वाकले तशी पायाखालची मॅट सरकली आणि हाताला गरम वारा लागला. खालून येणारा. नाणं जाईल एवढ्या दोन भोकांतून.

ती भोकं माझी होती.

मुलांना पाय पसरायला जागा व्हावी म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मीच तो बाक वीतभर मागे सरकवला होता. नवे बोल्ट नव्या जागी बसवले, जुनी भोकं तशीच ठेवली. मॅट टाकली की दिसत नाही, असं मीच भावजींना सांगितलं होतं. आणि बुवांच्या चेल्यांनी घाईत जोडलेली नळी बरोबर त्याच जागेखाली फुसफुसत होती.

मला ओरडायचं होतं. आवाज फुटला, पण कोणीतरी उशीतून बोलावं तसा. उठायला गेले तर गुडघे माझे नव्हतेच. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही, कारण सगळं समजत होतं आणि हलता येत नव्हतं. हात तेवढा पोचला. चादरीची पट्टी धरून ओढली, काच सरकवली, तोंड बाहेर काढून हवा घेतली आणि तेव्हा कुठे माझा आवाज भावजींपर्यंत गेला.

रस्त्याच्या कडेला चौदा मुलं उतरली. पंधरावीला उतरवून घेतली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा बसवला आणि आम्हाला बाहेर काढलं नाही, एवढे उपकार केले. भावजी भिंतीला टेकून खाली बसले होते. मुठीत तो घडी केलेला रुमाल, कधी घेतला कोणास ठाऊक. तासाभराने चिमीने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, की शाळा बुडाली का. जाऊ ओक्साबोक्शी रडली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मला जसं समजलं तसं सांगते. पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. माणूस गुंगतो, छातीवर दडपण येतं, मग झोपतो, आणि हवा मिळाली नाही तर उठत नाही. "अजून पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर," बाई म्हणाल्या आणि चिमीचा मुखवटा नीट केला.

मी भोकांचं सांगितलं. दीर-जावेसमोर, शब्दही न गाळता. जाऊ म्हणाली, "तुमची भोकं, माझ्या पट्ट्या."

दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा भरलेलं. तपासणी केंद्रावरच्या मीटरवाल्या बाईंना मी आदल्या संध्याकाळीच गाठलं होतं. त्या धुरातला तो वायू मोजणारं, हातात धरायचं यंत्र आणि फाटकावरची मूळ सूचना घेऊन आल्या. बुवा रंगात आले होते. मी म्हटलं, आज मंत्र मी म्हणते. लोक हसले, आणि हसल्यामुळे थांबले.

रांगेत पावभट्टीवाल्यांची गाडी होती, डबा अजून जागेवर. थंड इंजिन चालू केलं, चेल्यासारखीच दोनदा रेस दिली. माझा रुमाल काळा. मग गाडीला सात फेऱ्या मारायला लावल्या आणि नवा रुमाल बांधून डोळे मिटून माझा मंत्र म्हटला: सव्वीस, अठरा, साडेसात, दुहेरी टाका. हे पावभट्टीवाल्यांच्याच सीटचं माप होतं. रुमाल पांढरा निघाला. काहीही न कापता.

थंड इंजिन काजळी फेकतं, तापलं की फेकत नाही. बुवांचा सगळा चमत्कार म्हणजे एवढ्या सात फेऱ्या.

मग मीटरवाल्या बाईंनी त्याच नळीत यंत्राची नळी घातली. आकडा शून्याच्या आसपास घुटमळला. नंतर भावजींची व्हॅन, आत कोणी नाही, दारं सताड उघडी, इंजिन तापवलेलं. रुमाल बांधला. पांढरा. लोकांत कुजबुज झाली, बुवांनी दोन्ही हात वर केले. मग यंत्र लावलं. आकडा चढला, मर्यादेपुढे गेला, चढतच राहिला, आणि यंत्र ओरडायला लागलं. बाईंनी ते प्रत्येक रांगेसमोर नेलं, बुवांनी रुमाल नेला होता तसंच.

"रुमालावर काजळी दिसते," त्या म्हणाल्या. "मारतं ते दिसत नाही. त्याला मारणारा डबा तुम्ही कापून दिलात."

मग त्यांनी सूचना वाचली, फोटोत कापली गेलेली खालची ओळही. ज्या गाड्या कन्व्हर्टरशिवायच बनल्या, त्यांना तो लागू नाही. ज्यांना कारखान्यातून होता, त्यांचा तो जागेवर आणि चालू स्थितीत असला पाहिजे. काढला असेल तर गाडी नापास, आणि काढणारा गुन्हेगार. ज्या भीतीपोटी लोकांनी डबे दिले होते, ती भीती डबे दिल्यामुळेच खरी होणार होती.

घड्याळवाले आजोबा पुढे आले. म्हणाले, "म्हणून माझ्या म्हातारीला बाधा नव्हती होय. तिच्याकडे द्यायला काही नव्हतंच."

बुवांच्या हातगाडीवर रचलेल्या डब्यांवर काळं कापड तसंच होतं. डब्यांचं काय करता, असं कोणीतरी विचारलं. बुवा म्हणाले, भूमीला अर्पण करतो. आणि आवाज खाली नेऊन बजावलं, जो हे कापड उचलेल, त्याच्या घरी ते जाईल.

एकही हात पुढे झाला नाही. खरं सांगते, इतकं सगळं माहीत असूनही माझाही झाला नाही.

माझी जाऊ चालत गेली. साधी, शांत, चादर झटकायला जावं तशी. "माझ्या घरी ते येऊन गेलंय," ती म्हणाली आणि कापड ओढलं.

अकरा डबे. प्रत्येकावर खडूने वजन लिहिलेलं. एक फुटका होता, त्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी. त्या जाळीवर सोन्याच्या पंगतीत बसणाऱ्या धातूंचा लेप असतो, विष त्याच्यामुळेच मरतं, आणि भंगाराच्या बाजारात त्यालाच भाव असतो, हे मीटरवाल्या बाईंनी सांगितलं. अकराव्या डब्यावर भावजींना आपल्या गाडीचा ओळखीचा पोचा सापडला. चेले तोवर पळाले होते. बुवांना लोकांनी धरून ठेवलं, पोलीस येईपर्यंत, आणि कोणी त्यांच्यावर हात टाकला नाही याचा मला अभिमान वाटतो.

डबे परत जोडले, नीट, चांगल्या वेल्डरकडून. ती दोन भोकं मी स्वतः बुजवली. व्हॅन तपासणीत पास झाली, कप्प्यात रुमाल नसताना.

वाचणाऱ्याला मला एवढंच सांगायचं आहे. भीती वाटली की आधी सूचना शेवटपर्यंत वाचा. कोणी म्हणालं, पाहू नका, तर तिथेच पाहा. कोणी म्हणालं, खिडकी बंद करा, तर आधी उघडा आणि मग का ते विचारा. आणि समजत असून गप्प बसू नका, मी बसले होते.

चिमी अजून मागच्याच बाकावर बसते. काच उघडी ठेवून, मागच्या गाडीवाल्यांना वेडावत. तिच्या जिभेला सगळे नियम माफ आहेत.