काचेच्या नळीतली गळती

मामांनी खिसे उलटे करून दाखवले, अंगठी काढून मामींच्या हातावर ठेवली आणि फळीवर पाठ टेकली. ऑपरेटर मुलीने त्यांना काचेच्या नळीत सरकवून दार घट्ट लावलं. दाबाखालच्या प्राणवायूच्या वीस बैठका सांगितल्या होत्या, ही अकरावी.

पाणीपुरवठा खात्यात सगळे त्यांना मामाच म्हणत. रस्त्यावर लोखंडी काठी टेकवायची, वरच्या टोकाला उजवा कान लावायचा आणि जमिनीखाली नळ नेमका कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठले, तर तोच कान ठार बहिरा. डॉक्टरांनी प्रयत्न करू म्हटलं, हमी दिली नाही. साहेबांनी आडून आडून सुचवलं की महिनाअखेरपर्यंत कान आला नाही तर काठी सोडून टेबलाचं काम घ्या. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, वीसच्या वीस बैठका करणार, एकही चुकवणार नाही.

दाब वाढू लागला. नाक चिमटीत धरून मामांनी कान मोकळे करायचा प्रयत्न केला. डोकं जड झालं, तरी थांबवा म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तेवढ्यात त्यांना बारीक सूं असा आवाज ऐकू आला. मामा हरखले. कान आला! त्यांनी तिथूनच माइकवर सांगितलं, दार गळतंय.

दाबाचा काटा जागेवर आहे, प्राणवायू आत येतो त्याचा आवाज असेल, अशी मुलीने समजूत घातली.

"आत येणारा वेगळा, बाई. हा रबरातून बाहेर निसटतोय."

ती हसली नाही. तिने सावकाश दाब उतरवायला घेतला. आवाज नीट पकडावा म्हणून मामांनी सवयीने डाव्या कानात बोट घातलं. काठी लावताना ते नेहमीच तसं करत, रस्त्याचा गोंगाट नको म्हणून.

आवाज गेला. बोट काढलं, आला. पुन्हा घातलं, गेला. म्हणजे इतका वेळ ऐकत होता तो डावाच.

दार उघडलं. मुलीने रबरी कड्यावरून बोट फिरवलं, तर एका जागी नखाएवढी चीर होती. काट्याला अजून पत्ताही नव्हता, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

मामींना आनंद मावेना. "आला ना कान?"

"उजवा नाही आला."

मामींचा चेहरा उतरला. कडं बदलायला अर्धा तास लागेल, हवं तर आजची बैठक उद्या करू, असं मुलगी म्हणाली.

"आजची आजच," मामा म्हणाले. "मग मला खात्याच्या चौकीवर जायचंय."

"साहेबांनी बोलावलंय?" मामींनी विचारलं.

"नाही. काठी आणायचीय. अठ्ठावीस वर्षं या डाव्याला नुसतं गप्प बसवून ठेवलं. आता त्याला कामाला लावतो."