हिरव्या दोरीची ओळ

अंबडच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून मला कुठलीच गोष्ट अवघड वाटत नाही. भरल्या सभागृहात न अडखळता बोलता येतं, तर मोसंबीचा डोळा भरायला काय झालं? दिवाळीच्या सुट्टीत मी बापूंना हेच विचारलं. बदनापूरच्या पुढं रस्त्याला लागून आमची रोपवाटिका आहे. जंबेरी लिंबाच्या रोपाला, म्हणजे खुंटाला, चीर द्यायची, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, एवढंच काम. पण चाकू पुरुषांच्या हातात आणि पट्टी बायांच्या, असं आमच्याकडं पहिल्यापासून चालत आलंय. मी यंदा नववीत. पुढच्या साली दहावी म्हटल्यावर मला वाफ्याकडं कुणी फिरकूसुद्धा देणार नाही. आणि थंडी वाढली की खुंटाची साल सुटत नाही, काम बंद. म्हणजे जे काय करायचं ते आत्ताच.

 बापू म्हणाले, एक ओळ भर. निम्म्याच्या वर डोळे जगले तर पुढचा अख्खा वाफा तुझा. नाही जगले तर पट्टी बांधायची अन् पुन्हा चाकूचं नाव काढायचं नाही. मी लगेच हो म्हणाले. त्यांनी मला एक जुना चाकू दिला, धार लावून. त्याला दोरी नव्हती. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला.

डोळे भरणाऱ्या प्रत्येकाच्या चाकूला दोरी असते. मुठीच्या टोकाला भोक, त्यात ओवलेली. लहानपणापासून बघत आलेय, पण कशासाठी, हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

बापूंचं म्हणणं, वाफ्याला पाणी दिलेलं असतं, चाकू सुटला तर चिखलात जातो, तोच चिखल पात्यावरून चिरेत आणि डोळा सडतो. म्हणून दोरी. आखूड पाहिजे, म्हणजे भुईला टेकत नाही. कचरूकाका बापूंचे जुने जोडीदार, त्यांच्या चाकूला हातभर लांब लाल दोरी. ते म्हणाले, आखूड दोरी काय कामाची, चाकू गवतात पडला तर लाल शेपूट दिसलं पाहिजे. मायला विचारलं तर तिचं तिसरंच. दोरी खुंटीला उंच टांगायला असते, म्हणजे लेकरांच्या हाताला लागत नाही आणि घरात कुणी त्यानं कांदा चिरत नाही. कांदा कुणी चिरला होता, ते ती बोलली नाही, पण बापू तिच्याकडं बघून खोकले.

बरं, दोरी घेतली, आता बांधायची कुठं? कचरूकाका म्हणाले करदोड्याला. त्यांनी सदरा वर करून कमरेचा काळा करदोडा दाखवला, त्याला चाकू, किल्ली आणि काटा काढायचा चिमटा, सगळं लटकत होतं.

"मंग पोरींनी कुठं बांधायचा?" मी विचारलं. "आम्हाला करदोडा नसतो."

"म्हणूनच तर पोरींनी पट्टी बांधावी," ते म्हणाले, आणि पट्टी बांधणाऱ्या बायका त्यांच्यासोबत हसल्या. पुष्पाकाकू सगळ्यात जोरात.

मी म्हटलं, कमरोद्दीनचाचा कुठं करदोडा घालतात? ते तर टोळीचे उस्ताद. कचरूकाका म्हणाले, त्यांची गोष्ट येगळी. कशी वेगळी, ते काही सांगितलं नाही.

मग मी चाचांकडं गेले. चाचा हसनाबादचे, डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं मोजकं. बापू हे काम त्यांच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून बापू अजून त्यांच्यापुढं विडी ओढत नाहीत. त्यांच्या चाकूची हिरवी दोरी मनगटाला. मी सगळ्यांची सगळी कारणं त्यांना घडाघडा सांगितली आणि यातलं बराबर कोणतं, असं विचारलं. चाचा म्हणाले, सगळेच बराबर. मग म्हणाले, सगळेच थोडे थोडे चुकीचे. आता यातून माणसानं काय घ्यायचं?

पहिल्या दिवशी मी नाडीची दोरी करून चाकू गळ्यात घातला. वाकले की तो पुढं झुलायचा. शेजारच्या खुंटाची साल खरवडली गेली आणि बापू ओरडले. ओढणीला बांधला तर ओढणीच चिखलात. मनगटाला बांधला तर दोरी बांगड्यांत अडकली. पुष्पाकाकू म्हणाली, बेबे, तुझं दोरीचंच शिक्षण दहावीपर्यंत चालतंय बघ. शेवटी मी बांगड्या उतरवून ठेवल्या. ती नाडीही तुटली, तेव्हा चाचांनी स्वतःच्या गुंडाळीतली वीतभर हिरवी दोरी तोडून मला दिली आणि माझ्या मनगटाला सैलसर गाठ मारली. चाकू सोडला की तो हाताखाली लोंबायचा आणि दोन्ही हातांची बोटं साल उघडायला मोकळी. मला एकदम जमायला लागलं. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

ओळ सुरू करताना मी अजून एक गोष्ट केली. चाचा आणि कचरूकाका ओळीच्या मधल्या खुंटाला आपल्या दोरीचा छोटा तुकडा बांधतात, हे मी बघितलं होतं. मला वाटलं शुभ म्हणून, आपण नारळ फोडतो तसं. विचारणार होते, पण भरायचा डोळा ओला राहावा म्हणून ओठांत धरावा लागतो आणि ओठांत डोळा असताना बोलता येत नाही. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा. तर मीही हिरवा तुकडा तोडला, बांधला आणि सुरू केलं. माझ्याच सरीत माझ्या शेजारची ओळ चाचा भरत होते. संध्याकाळपर्यंत माझी ओळ झाली. चाचांनी मागं वळून बघितलं आणि मान हलवली. ती कौतुकाची होती की नुसतीच, कळलं नाही.

शाळा सुरू झाली. वर्गात बसून माझं अर्धं डोकं वाफ्यातच. वीसेक दिवसांनी, एका रविवारी, बापूंनी पट्ट्या सोडायला काढल्या. मी सगळ्यांच्या आधी पोचले. हिरवे तुकडे बांधलेल्या दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. एका ओळीत जवळजवळ सगळे डोळे हिरवेगार, फुगलेले. दुसरीत निम्म्याहून जास्त काळे पडलेले.

"तुझी कोणती?" बापूंनी विचारलं.

मी दोन्ही हिरव्या तुकड्यांकडं बघितलं. तेव्हा कळलं की तो तुकडा नारळ नव्हता, नाव होतं. कुणाच्या हाताचे किती जगले, हे दोरीच्या रंगावरून कळतं, आणि मी चाचांचं नाव माझ्या ओळीला बांधलं होतं. आपली ओळ डाव्या हाताला होती, एवढं मला पक्कं आठवत होतं. पण मी सुरुवात विहिरीकडून केली की रस्त्याकडून? आधी विहिरीकडून बसले होते, मग तिकडं पाणी साचलं म्हणून बापूंनी उठवलं होतं. की ते आदल्या दिवशी? एका टोकाकडून डावी, ती दुसऱ्याकडून उजवी. मी दोन्ही टोकांना जाऊन उभी राहिले. दोन्हीकडून ओळखीचं वाटलं. पुष्पाकाकूला विचारलं तर म्हणाली, दोन्ही ओळींच्या पट्ट्या मीच बांधल्या, पट्टीला काय तोंड असतंय का.

कचरूकाका म्हणाले, यात इचारायचं काय, मेलेली बेबीची. उस्तादाची ओळ कधी मरती का? बापूंनीही मान डोलावली. मलाही ते खरंच वाटायला लागलं. रडायचं नाही म्हणून मी जमिनीकडं बघत राहिले.

चाचा मेलेल्या ओळीत उकिडवे बसले. एका चिरेवरून अंगठा फिरवला, मग दुसरीवरून. 

"रखमाजी, ही माझी हाय," ते बापूंना म्हणाले.

बापू म्हणाले, उस्ताद, पोरीला पाठीशी घालू नका.

"पाठीशी कशाला घालू? नजर कमी झाली. चीर बराबर दिसंना, खोल चाललीय. तिची ती, बाजूची. वाफा दे तिला."

यावर बापू काय बोलणार? उस्तादाला खोटं कसं म्हणायचं आणि खरं मानलं तर ते त्याहून वाईट. ते पाणी बघतो म्हणून विहिरीकडं निघून गेले. जाता जाता म्हणाले, कडंचा वाफा घे. कचरूकाकांनी विडी काढली, चाचांकडं बघितलं आणि परत खिशात ठेवली.

मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण मारल्या नाहीत. चाचांच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं.

"चाचा, खरंच तुमची होती?"

"तुला काय वाटतं?"

"मला माहीत न्हाई."

"मंग मला कसं माहीत आसंल बेटा? दोरी तर एकच होती."

"पण तुम्ही तर सांगितलं ना सगळ्यांसमोर."

ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, चल, ऊन हाय तवर साल सुटतीय.

तेव्हापासून मी कडंचा वाफा भरते आहे, शाळा सुटल्यावर आणि रविवारी. चाचा पलीकडच्या सरीत असतात. मी चोरून त्यांच्याकडं बघते. ते डोळकाडी हात लांब करून धरतात, जितकी लांब जाईल तितकी, डोळे बारीक करतात, मग चाकू लावतात. तेव्हा मला वाटतं, खरंच दिसत नाही त्यांना, ओळ त्यांचीच होती. काल मात्र मी रस्त्याकडं पाठ करून बसलेली असताना ते म्हणाले, तुझा बाप चहा घेऊन यायलाय, किटली उजव्या हातात हाय. मी बघितलं तर बापू पार रस्त्याच्या कडंला, मुंगीएवढे. किटली मला तर दिसलीही नाही. बापू जवळ आले, तेव्हा ती उजव्याच हातात होती.

मी चहा प्यायले, चाकू पुसला आणि पुढच्या खुंटाला चीर दिली. ती मेलेली ओळ माझी असेल, तर चीर माझीच खोल जाते; किती खोल द्यावी, ते कळेना.