फळी तिरकी, खोटी मी

मित्रांनो, मी खोटारडी नाही. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं.

मी एक जुनी पाणसळ आहे. हातभर लाकडी पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीतल्या पाण्यात एक बुडबुडा. तो दोन रेघांच्या मधे थांबला की समजायचं, फळी सपाट बसली. एका सुताराच्या हातात मी तीस वर्षं हेच काम केलं. त्याच्या लेकीनं स्वतःचं घर घेतलं, तेव्हा पहिलं अवजार म्हणून त्यानं मलाच दिलं. बाकीचं लागेल तसं जमव, म्हणाला. तिनं पत्र्याच्या पेटीत जुन्या टॉवेलवर मला निजवलं. मागून हातोडी आली, पक्कड आली, मोजपट्टी आली. पण मान माझा. काय मिरवले मी!

एका रविवारी जावयानं भिंतीवर पहिली फळी बसवली. अंदाजानंच, मला न विचारता. घामाघूम होऊन मागे सरला आणि कौतुकानं बघतच राहिला. लेकीनं मला फळीवर ठेवलं. माझा बुडबुडा डावीकडे गेला. मी तरी काय करणार? फळीच उजवीकडे कलली होती.

जावयाचा चेहरा उतरला. तो बघून ती हसत म्हणाली, "अरे, बाबांची पाणसळ जुनी झालीय. चुकीचं दाखवते."

मित्रांनो, माझी काच फुटली असती तरी इतकं लागलं नसतं. बाबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं, की पाणसळीचा संशय आला तर टोकं बदलून ठेवायची. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला गेला तर ती खरी. तिनं मला एकदाही फिरवून पाहिलं नाही. तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, झडप आपटू नये म्हणून अडकवलेली.

परवा बाबा आले. जावई कामावर गेला होता. मी खिडकीत कशी, असं त्यांनी विचारलं. बिघडलीय, ती म्हणाली. त्यांनी मला काढून फळीवर ठेवलं, मग टोकं बदलून ठेवलं. दोन्ही वेळा डावीकडेच. माझा जीव भांड्यात पडला.

"माहीत होतं मला," ती खाली बघत म्हणाली. "पण त्याला सांगू नका ना, बाबा."

बाबांनी रुमालानं माझी काच पुसली आणि स्वतःच्या हातानं मला परत खिडकीत अडकवलं.

आपल्या माणसाचं मन जरूर राखा, मित्रांनो. पण त्यासाठी खरं सांगणाऱ्याला खोटं पाडू नका. आणि कधी या घरी आलात, तर मला एकदा फिरवून बघा.