कुणाचाच नसलेला रंग

आमच्या गल्लीत कापड रंगवणाऱ्यांची सहा घरं आणि विहीर एकच. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. उरलेलं पाणी सामाईक टाकीत निवळू द्यायचं, मग नाल्यात सोडायचं, असं पूर्वीपासून ठरलं होतं. पण टाकीतला गाळ काढणार कोण? टाकी तुंबली की जो तो बादली परसात रिकामी करायचा आणि रंग झिरपत विहिरीत उतरायचा. पाणी मोरपंखी दिसलं की बादली ओतणारा माझा दीर, लाल दिसलं की समोरचे भाऊजी.

लेकीचं बाळ चार महिन्यांचं झालं. विहीर सुधारल्याशिवाय बाळाला तुझ्याकडे आणणार नाही, असं तिनं फोनवर ठणकावून सांगितलं. नातवाला मी अजून हातात घेतलेलं नाही. म्हणून मीच सगळ्यांना धरून बसवलं आणि नियम करून घेतला: ज्याचा रंग विहिरीत दिसेल, त्यानं एकट्यानं टाकी उपसायची. म्हटलं, आता तरी अक्कल येईल.

अक्कल आली, पण भलतीच. पंधरा दिवसांत विहिरीचं पाणी मातकट काळं झालं. लोक आपल्या रंगात आणखी दोन-तीन रंग कालवून ओतायला लागले होते. आता पकडणार कुणाला? पुन्हा बैठक घेतली, तर सगळे साळसूदपणे खाली बघत बसले. दीर म्हणाला, जमिनीचाच रंग असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण सांगायला लाज वाटते, गुरुवारी मीही एक बादली ओतली होती. सगळेच ओततात, माझ्या एकीनं काय बिघडतंय, असं म्हणून.

"हिरवा माझा होता," मी म्हटलं. "त्यात काळा कालवला होता. आता तुम्ही बोला."

 उलट सगळ्यांचे चेहरे खुलले. नियमाप्रमाणे टाकी वहिनींनी उपसावी, असं समोरचे भाऊजी म्हणाले आणि पाचही घरांचे हात एकदम वर झाले. एवढी एकजूट आमच्या गल्लीत मी पहिल्यांदाच पाहिली.

तीन दिवस राबून टाकी रिकामी केली. चौथ्या दिवशी बघते तर दीर पुन्हा परसात बादली ओततोय. जाब विचारला.

"तुम्ही टाकी एवढी घासून ठेवलीय, वहिनी," तो म्हणाला. "घाण करवत नाही."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिनं काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "एवढ्यात येऊ नकोस, बाई. बाळाला तिकडेच राहू दे."