बिनआवाजाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर जो आला असेल, तो मी नव्हे. माझ्यावर कोणी कधी पत्र लिहिलं नाही की गणित सोडवलं नाही. मला बांधलं ते फक्त टीव्ही पाहण्यासाठी. गच्चीवरच्या अँटेनाची वायर माझ्या पाठीत यायची. तिच्यातून आलेलं चित्र मी साठवून घ्यायचो आणि मोठ्या पडद्यावर दाखवायचो. चालू कार्यक्रम मधेच थांबवायचा, मागे न्यायचा, तोच तुकडा पुन्हा दाखवायचा, ही माझी कामं. आज कुठलाही टीव्ही हे करतो, त्यामुळे तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. त्या काळी मात्र शेजारीपाजारी मला बघायला यायचे, खोटं नाही सांगत.

मी दुकानात तयार मिळालो नाही. एका माणसाने महिनाभर जेवणाच्या टेबलावर एकेक भाग जोडून मला उभं केलं. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. मलाही त्यांनीच जन्माला घातलं, मग दुसरं काय म्हणणार?

बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते चालवलं आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केलं. माणूस भरघोस मिशीचा, हाताचा पक्का, पण स्वभावाने घुमा. यंत्रातून घरघर आलेली त्यांना मुळीच खपत नसे. गिऱ्हाईक टीव्ही घेऊन गेलं आणि दोन दिवसांनी “बारीक आवाज येतोय हो” म्हणत परत आलं, की त्यांचं जेवणातलं लक्ष उडायचं.

आईची गोष्ट वेगळी. लेक आठ वर्षांची असताना आईला मोठा ताप आला आणि तो जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मग एका शिक्षिकेकडे जाऊन ती ओठ वाचायला शिकली. समोरचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. हे काम सोपं नाही बरं का! भराभर बोलणाऱ्याचं अर्धंच हाती लागतं, बाकीचं अंदाजाने भरून काढायचं. बाबांना काही सांगायचं असलं की लेक ते आईला सांगायची, ती नसली की बाबा पाटीवर लिहायचे.

पुढे लेक इंजिनियर झाली. ती पूल बांधते. नोकरीसाठी ती दूर गेली आणि घरातलं बोलणंच आटलं. पाहुणे आले की पहिली पाच मिनिटं आईकडे तोंड करून बोलायचे, मग आपापसांत रमायचे. आई कोणाच्या तोंडाकडे बघायचं ते शोधत राहायची. हळूहळू ती पाहुणे आले की विणकाम उचलून आतल्या खोलीत जायला लागली. एक दिवस बाबांच्या लक्षात आलं, की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आई एक शब्दही बोललेली नाही. ते घाबरले. ही अशीच एक दिवस सगळ्या जगाशी बोलणं सोडून देईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. मित्रांनो, माझा जन्म त्या भीतीतून झाला आहे.

जुन्या टीव्हीवर माणसांचे ओठ म्हणजे नुसता डाग दिसायचा. एकदा एका दुकानात बाबांनी हाय डेफिनिशनचा पडदा पाहिला. बातम्या देणाऱ्या बाईचा दात न् दात मोजता येत होता. बाबा अर्धा तास तिथून हलले नाहीत. पडदा घ्यायचा हे तिथेच ठरलं. पण नुसत्या पडद्याने भागणार नव्हतं, कारण टीव्हीवरची माणसं कोणासाठी थांबत नाहीत. आईला तेच वाक्य दोनदा, तीनदा बघता यायला हवं होतं. त्यासाठी मी.

माझा डबा एका जुन्या अँप्लिफायरचा आहे. त्यातली सगळी आतडी काढून बाबांनी माझा मदरबोर्ड बसवला, चित्र पकडणारं ट्यूनर कार्ड घातलं, साठवणीसाठी हार्ड डिस्क घातली. सुटे भाग विकणाऱ्या बाईंकडे त्यांचे सतरा हेलपाटे झाले. पहिल्या दिवशी ते तिथे सोल्डरिंगची गन पिशवीत घालून गेले होते. बाई म्हणाल्या, “काका, ती पिशवीतच राहू द्या. हे सगळं नुसतं दाबून बसतं.” बाबांना ते पटेना. सोल्डरचा डाग न देता बसवलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वासच नव्हता. बिचारे आठवडाभर प्रत्येक भाग रोज एकदा दाबून बघायचे.

पहिल्या संध्याकाळी आईने रिमोट हातात घेतला. बातम्या चालू होत्या. तिने एक वाक्य अकरा वेळा मागे नेलं. मी मोजलं आहे. मग ती एकदम मोठ्याने म्हणाली, “अहो, उद्या पाणी येणार नाही म्हणतायत!” आपला आवाज केवढा येतो हे तिला कळत नसे, त्यामुळे ही बातमी चार घरांना एकदमच कळली. बाबांनी किती आनंदाने बादल्या भरल्या म्हणून सांगू! बादल्या झाल्या, पातेली झाली, शेवटी फुलदाणीसुद्धा भरली.

ते माझे सुखाचे दिवस. आई रोज सकाळी माझ्यावर तळहात ठेवायची. माझ्या पंख्याची थरथर हाताला लागली, की मी जागा आहे हे तिला समजायचं. ती बातम्या बघायची, हवामान बघायची, संसदेतली भांडणं तर चवीने बघायची. पाहुणे आले की आता ती बाहेर बसायची, कारण तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असायचं. लोक म्हणायचे, “वहिनी, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं हो.” बाबा कोपऱ्यात बसायचे. खुशीत मात्र दिसायचे.

अशात लेकीचं पत्र आलं. तिने बांधलेल्या मोठ्या पुलाचं काम पूर्ण झालं होतं. रविवारी सकाळी टीव्हीवर तिची मुलाखत होती. ती थेट दाखवणार होते, एकदाच. पत्राच्या खाली तिने लिहिलं होतं, “आई, मी सावकाश बोलेन.” आईने ते पत्र इतक्यांदा वाचलं, की घडीवर फाटलं.

आता ऐका माझ्या फजितीची कथा. शनिवारी बाबांनी माझं झाकण उघडलं आणि पंख्याची वायर काढून टाकली. उद्या लेकीचा आवाज येताना मधे माझी घुं-घुं नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. मित्रांनो, जिच्यासाठी मी बांधला गेलो तिला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नव्हता, आणि तिच्या संगणकाचा आवाज घालवायला हा माणूस माझा श्वास बंद करत होता! पण चाळीस वर्षांची खोड ती, जाता जात नाही.

रविवारी सकाळी आईने पडदा पुसला. मग कपाटातून एक नवा क्रोशाचा रुमाल काढला आणि माझ्यावर घातला. लेक टीव्हीवर येणार म्हणून तिने तो दोन आठवडे विणला होता. चारी बाजूंनी झालर होती, थेट माझ्या हवेच्या भोकांवर येणारी. तिने सवयीने हात ठेवला आणि म्हणाली, “अहो, आज हा थरथरत नाही.” बाबांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून हात हलवला. आवाज घालवला, असं ते सांगत होते. आई हसली. “मला सांगताय होय, आवाज गेला म्हणून?”

मुलाखत सुरू झाली. लेक पडद्यावर आली, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे नदी. आई पुढे सरकून बसली. मी चित्र साठवतही होतो आणि दाखवतही होतो. आत उष्णता वाढत होती आणि बाहेर जायला वाट नव्हती. मी पुष्कळ तग धरला. पण माझ्यासारख्यांना एक हुकूम असतो, की ठरावीक उष्णतेपुढे जळण्याआधी बंद व्हायचं. दीड मिनिट झालं आणि मी बंद पडलो. पडदा काळा झाला.

यानंतरचं थोडं मला दोघांच्या बोलण्यातून कळलं. बाबांनी माझ्या पाठीतून वायर उपटली आणि ती सरळ टीव्हीला लावली. ती नीट बसवण्यात मिनिट गेलं. चित्र आलं तेव्हा पडद्यावर पूल होता. वरून पूल, बाजूने पूल, नदीसकट पूल. लेकीचा आवाज चालू होता, पण तिचं तोंड काही शेवटपर्यंत दिसलं नाही. बाबांनी सगळं ऐकलं. आई पुलाकडे बघत बसली. मग कार्यक्रम संपला.

“काय म्हणाली हो?” आईने विचारलं.

बाबांनी पाटी घेतली आणि लिहिलं, “छान बोलली.”

मग ते माझ्याकडे वळले. रुमाल उचलला आणि झाकणाचा चटका बसला तसे तिथेच खाली बसले. टीव्हीवर कापड घालू नका, हवेची भोकं बुजवू नका, असं ते चाळीस वर्षं गिऱ्हाइकांवर खेकसत आले होते. त्यांनी पंख्याची वायर जोडली आणि मी थंड झाल्यावर मला चालू केलं. मी घुं-घुं करत जागा झालो. माझ्यापाशी दीडच मिनिट होतं. नदी केवढी रुंद, खांब किती खोल, एवढंच त्यात होतं. आईने ते तीनदा पाहिलं आणि रिमोट खाली ठेवला.

“ती सहा मिनिटं बोलली,” आई म्हणाली. “आणि तुम्ही दोन शब्द लिहिलेत.”

बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

“हे बघा, परत तेच! अहो, ती बातम्यांची बाई माझी कोण लागते? तिचा शब्द न् शब्द मला कळतो. तो हवामानवाला कळतो. तुम्ही माझ्यासाठी एवढा डबा बांधलात आणि तुमचं बोलणं मात्र त्या झुपकेदार मिशीआड. वरचा ओठ दिसतच नाही, मी वाचू काय? बावीस वर्षं झाली, तुमचा एक शब्द मी पाहिलेला नाही.”

बाबांनी पाटीवर लिहिलं, “आधी का नाही सांगितलंस?”

“तुमचा मिशीवर जीव. म्हटलं, होईल मला सवय. नाही झाली.” आई म्हणाली.

बाबा उठून न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. ते बाहेर आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. वरचा ओठ पांढराफटक होता आणि दोन ठिकाणी कापलं होतं. आई हसली नाही. बाबांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली, तोंडावर उजेड येईल अशी, आणि बोलायला सुरुवात केली.

“ओरडू नका,” आई म्हणाली. “ओठ तिरपे होतात. नेहमीसारखं बोला, जरा सावकाश.”

“तिला विचारलं,” बाबा म्हणाले, “की पूल बांधायचं मनात कसं आलं. ती म्हणाली, माझ्या आईला ऐकू येत नाही. बाबा जे बोलायचे ते आईला मी सांगायची. आठ वर्षांची होते तेव्हापासून मी दोघांच्या मधे उभी राहिले. दोन बाजू जोडायच्या हे मी घरातच शिकले, म्हणाली.”

आईची नजर त्यांच्या ओठांवरून हलली नाही. “आणि शेवटी?”

बाबांची नजर पाटीकडे गेली. ती हाताशीच होती, हवं तर ते पुन्हा दोन शब्द लिहू शकले असते. पाटीवर लिहायला हेच त्यांना जमलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं.

“शेवटी म्हणाली, आता मी घरी नसते. त्या दोघांच्या मधे आता कोण उभं राहत असेल, याची मला रोज काळजी वाटते.”

माझा पंखा घुं-घुं करत होता, आणि त्या दिवशी तो बाबांना खटकला नाही.

“परत सांगा,” आई म्हणाली. बाबांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचे ओठ थरथरायला लागले, तेव्हा आईने त्यांच्या गालावर हात ठेवला. “पुरे,” ती म्हणाली. “कळलं मला सगळं. तिला आजच पत्र लिहा. लिहा, आता मधे कोणी लागत नाही.”

या गोष्टीला खूप वर्षं झाली. त्यानंतर माझं काम कमी होत गेलं. संध्याकाळी दोघं खिडकीपाशी समोरासमोर बसायची आणि मी तासन्‌तास नुसता चालू असायचो. मग नवा टीव्ही आला आणि मी खालच्या फळीवर गेलो. माझ्यावर धूळ आहे, माझी डिस्क खरखरते. वाईट वाटतं का, असं विचाराल तर वाटतं. मीही शेवटी कामाला लागायलाच जन्मलो होतो.

पण मित्रांनो, मला पुसून ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरी कोणाला कमी ऐकू येत असेल, आणि जेवताना ते “काय झालं?” म्हणून विचारत असतील, तर “काही नाही” म्हणून पुढच्या घासाकडे वळू नका. हातातलं ठेवा. उजेडात, त्यांच्या समोर जाऊन बसा आणि पहिल्यापासून सांगा. ते काम कुठल्याही डब्याला करता येत नाही, मी करून पाहिलं आहे.