बिनमिठाचं वरण

आता ऐका गा, अन् मधात बोलू नका, नाहीतं सारं डोक्यातून निसटून जाते. सक्करदऱ्याले तलावाच्या बाजूनं रुपराव राहे, यष्टीवर डायवर, नागपूर-उमरेड गाडी चालवे. गोष्ट त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे, गोपिकाची. त्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं अशी बसली होती का हातापायातला जीव कोणी उपसून नेला, अन् समोर दोन गंज. एकात पोरांचं वरण, दुसऱ्यात रुपरावचं बिनमिठाचं. दोन वरणं, दोन भाज्या, दोन्ही टाइम. होळीपासून चालू होतं हे, अन् आता पोळा आला होता.

काहून? तं रुपरावचं बीपी वाढलं होतं. बीपी वाढलं म्हणजे काय होते, हे गोपिकाले कोणी सांगायची गरज नोती. रुपरावचे मोठे भाऊ बाबाराव, धडधाकट माणूस, एका सकाळी तोंड धुता धुता पडले अन् उजवं अंगच गेलं. मंग काही वर्षं नुसते खाटेवर. त्यांची बायको आधीच वारली होती, म्हणून कूस बदलवणं, पुसणं, घास भरवणं, सारं गोपिकाच्या अंगावर. त्यांले समजे सारं, पण बोलता ये नाही, फक्त डोळ्यातून पाणी. ते गेले त्या दिवशी ती रडली, अन् रडता रडता भिंतीले टेकून झोपून गेली, बोला आता!

ती खाट अजून आंगणात होती. गोपिका तिच्यावर मिरच्या वाळू घाले, पण रुपरावले तिच्यावर बसू देत नोती.

तं धंतोलीतल्या डॉक्टरनं गोळी देली, मीठ बंद, बिडी बंद, रोज सकाळी फिरा म्हणे. रुपरावनं बिडी सोडली. तलावाले चक्कर मारे, अन् हा मधातूनच पळून येईल म्हणून गोपिका मागं मागं, अर्धी झोपेतच चाले बिचारी. एवढं करून मागच्या खेपेले बीपी जसंच्या तसं! आज पुन्हा दाखवाचं होतं. सायकलरिक्षात बसल्या बसल्या गोपिकानं सुरू केलं.

"अजी, खरं सांगा, उमरेडच्या स्टँडवर काय खाता?"

"चा पितो."

"अन् चासंग?"

"काही नाही वं."

"आलुबोंडा?"

"गणपतीची आन!"

"गणपतीले कायले मधात आणता? त्याले बीपी नाही."

रिक्षावाला खो खो हसला. गोपिका नाही हसली. ती हळूच म्हणे, "तुमच्या भावाचं केलं मी. पुन्हा माह्याच्यानं होणार नाही, जी. अंगात काही उरलंच नाही आता."

दवाखाना आला तं रुपरावनं रिक्षावाल्याले पैसे देले.

डॉक्टरनं पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा पाह्यला अन् मान हलवली. "कमी नाही. बाहेरचं खाता का?"

"विचारा, विचारा त्यांले," गोपिका म्हणे.

"नाही जी," रुपराव म्हणे.

"आणि घरच्या जेवणात मीठ?"

आता गोपिका ताठ झाली. "मीठ? डॉक्टरसाहेब, यांच्या गंजात मिठाचा खडा गेला नाही. नुसतं शेंदेलोण टाकून राह्यली मी."

"काय टाकता?"

"शेंदेलोण. उपासाचं. उपासाले मीठ चालत नाही न, शेंदेलोण चालते, म्हणजे ते काही मीठ नोहे. अन् खारटपणा कमी त्याले, म्हणून जरा जास्तीचंच टाका लागते."

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. चिडला नाही बरं का. "बाई, उपासाला चालत असेल. रक्तासाठी तेही मीठच आहे. मीच नीट सांगायला हवं होतं."

परतीच्या रिक्षात गोपिका पदराचा काठ पिळत बसली. महाल गेला. मंग रुपरावच म्हणे, "मले पह्यल्याच घासाले समजलं होतं."

"काय?"

"का यात मीठ आहे म्हणून. मले वाटलं, तुले दया आली. बोललो तं बंद करशील, म्हणून गुमान खाल्लं."

चिडावं म्हटलं तं गोपिकात तेवढंही त्राण नोतं. "तुम्हाले खाटेचं भेव नाही वाटत?"

"वाटते वं. पहाटे लय वाटते. जेवतानी नुसती भूक लागते."

घरी आल्याबरोबर तिनं शेंदेलोणाचे सारे खडे पदरात घेतले अन् समोरच्या कवडूच्या गायीपुढं टाकले. गाय लपालपा चाटाले लागली. कवडू म्हणे, "वा वहिनी, मीठ कुठून आणलं एवढं मस्त?"

मागून रुपराव म्हणे, "पाहा, गायीलेही समजते."

तिले हसू आलं, पण तेही थकेल थकेल. मंग तिनं चुलीवर एकच गंज ठेवला.

"दुसरा?" रुपराव म्हणे.

"होत नाही दोन दोन. साऱ्यांचं एकच. पोरं वरून घेतील मीठ. मी तुमच्यासंग."

दोघं समोरासमोर बसले. गोपिकानं पह्यला घास घेतला, चावत राह्यली, चावतच राह्यली.

"कसं लागते?"

"वाईट."

रुपरावनं घास घेतला, डोळे मिटले, गिळला. "लय वाईट आहे वं," म्हणे, अन् ताट पुढं सरकवलं. "वाढ अजून."